तळ्याकांठीं गळ टाकून पाहतांना

हें शीर्षक वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या, आणि त्याहून अधिक आमच्या वाचकभगिनींच्या, भुवया वर चढतील हें आम्ही जाणून आहोंत. ज्या सदरांत आजवर लोणच्याच्या बरण्या, मुलांचीं दुखणीं, सुटींतले प्रवास आणि वडील माणसांचे रुसवे यांविषयीं लिहिलें, त्याच सदरांत मासे धरण्याची गोष्ट कोठून आली? उत्तर सोपें आहे. ती आमच्या घरांत आली, म्हणून सदरांत आली. गेल्या पोळ्याला आमचें सारें कुटुंब तुमसरकडील मूळ घरीं जमलें असतां धाकट्या बंधूंच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनीं भर पंक्तींत जाहीर केलें, "काका, मला गळ टाकायला शिकायचें आहे."

पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. आमच्या मधल्या वहिनी कारवारकडच्या सारस्वत घराण्यांतल्या. त्यांनीं मान खालीं घातली, पण त्यांच्या ओठांवरचें हसूं आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. बंधूंनीं मुलाकडे डोळे वटारून पाहिलें. बोलल्या त्या आमच्या मातोश्री. त्या म्हणाल्या, "श्रावण आज संपतो आहे, म्हणून महिन्याची आडकाठी मी घालीत नाहीं. पण मला एवढें सांगा, भूक लागली म्हणून जीव मारणें निराळें आणि वेळ जात नाहीं म्हणून जीव मारणें निराळें, कीं दोन्ही एकच?"

या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हां उत्तर नव्हतें. अशा वेळीं सुशिक्षित मनुष्य जें करतो तेंच आम्हीं केलें. आम्ही पुस्तकांचा आधार घेतला. शतपथ ब्राह्मणांतील मनूच्या ओंजळींत आलेला लहानसा मासा, मत्स्यावतार, धीवरराजाच्या घरीं वाढलेली सत्यवती आणि तिच्या पोटीं जन्मलेले महर्षि व्यास, हें सारें आम्हीं मातोश्रींना सांगितलें. त्या म्हणाल्या, "यांतल्या एकाहि गोष्टींत माशाला गळ लावलेला नाहीं." मग आम्हीं शेवटचें शस्त्र काढलें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, विक्रमांकाचा पुत्र, यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळविण्यापासून तें स्थिर करण्यापर्यंत, आणि हत्ती-घोड्यांपासून पाककलेपर्यंत, राजाला जें जें ठाऊक असावें तें तें त्यांत आहे. आणि राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' या नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. माशांच्या जाती, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशाला कोणता आहार रुचतो, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, आमिष कसें तयार करावें, इतकें सर्व त्या राजानें लिहून ठेविलें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं या ग्रंथाचा पहिला भाग 1925 सालीं संपादून प्रसिद्ध केला, आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं 1951 सालीं मत्स्यविनोदावर निबंध लिहून जगाचें लक्ष तिकडे वेधलें. गळ टाकणें ही साहेबांनीं आणलेली थेरें आहेत अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हा अध्याय अवश्य पाहावा.

मातोश्रींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि निकाल दिला: "राजाचा तो विनोद असेल. मुलाला पाण्याजवळ बसूं द्या, तें चांगलेंच आहे. पण धरलेलें कांहीं घरीं यावयाचें नाहीं, आणि तेथें मारावयाचेंहि नाहीं." वहिनींनीं हलकासा निश्वास टाकला. अशा रीतीनें, आयुष्यांत कधीं गळ हातांत न धरलेले आम्ही, तितक्याच अडाणी पुतण्याचे गुरु म्हणून दुसऱ्या दिवशीं पहांटे निघालों.

आंबागडाचा परिसर ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या लहान लहान टेकड्या सुरू होतात. त्यांतल्या एकीवर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या अमलांत राजाखान पठाणानें इ. स. 1700 च्या सुमारास तो बांधला, पुढें तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि त्यांनीं त्याचा तुरुंग केला. किल्ल्यांतील विहिरीचें सांचलेलें विषारी पाणी पाजून कैद्यांना मारीत, अशी दंतकथा आहे. मुलानें ती ऐकली आणि तलावाकडे जाण्याची त्याची घाई दुप्पट झाली. वर चढायला तो तयारच होईना.

त्या टेकड्यांच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे पाहत गेलें, कीं या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा कां म्हणतात हें कोणी सांगावें लागत नाहीं. 1999 सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, पण पाण्यानें ती वांटणी मानलेली नाहीं. दोहीकडे तीच भातशेती आणि तेच तलाव. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजाच्या लोकांनीं यांतले पुष्कळ तलाव बांधले. उंच सखल पाहून मातीची पाळ घातली, पाणी सोडण्यासाठीं तुडूम बसविलें, जास्तीचें पाणी वाहून जाण्यास सांडवा ठेवला, आणि खालच्या बांध्यांना नहरांनीं पाणी पुरविलें. यंत्रें नाहींत, इंजिनिअर नाहींत, आणि कित्येक पाळी आजहि उभ्या आहेत. पुढें मालगुजारी आली, तलाव मालगुजारांच्या नांवावर चढले, आणि 1951 सालीं मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' हीं दोन अक्षरें तोडून लोकांनीं त्यांना 'मामा तलाव' करून टाकलें. इतकें गोड सरकारी नांव आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

अशाच एका मामा तलावावर आम्ही गेलों. त्याचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. पुढच्या सुटींत तेथें पन्नास काठ्या ओळीनें उभ्या राहिलेल्या आम्हांस पाहवणार नाहींत.

आतां आमचा पहिला अपराध सांगतों. आम्हीं बाजारांतून आणलेली काठी उघडली, आमिष लावलें, आणि पाळीवर पथारी टाकून बसलों. मुलाचा गळ पाण्यांत पडून घटका झाली नसेल, तोंच सायकलीवरून एक तरुण आला. त्यानें नमस्कार केला आणि विचारलें, "साहेब, कोनाले विचारलं?" आम्ही म्हणालों, तलाव सरकारचा आहे. तो म्हणाला, "तलाव सरकारचा, पन मासोया आमच्या संस्थेच्या. आमी पैसा भरला हाये." झालें असें होतें कीं, त्या गांवच्या ढिवर लोकांच्या सहकारी संस्थेनें तलावाचा मासेमारीचा ठेका रीतसर घेतलेला होता. पावसाळ्याच्या आरंभीं तिनें रोहू, कटला आणि मृगळ यांचें बीज विकत घेऊन तलावांत सोडलें होतें. बोटाएवढीं तीं पिलें, ज्यांना तिकडे बोटुकली म्हणतात, आतां कोठें चरूं लागलीं होतीं. आणि आम्ही, पंचांगांत तिथि पाहून निघालेले शहाणे लोक, कोणाच्याहि उंबऱ्याला न जातां त्यांवर गळ टाकून बसलों होतों! दुसऱ्याच्या आमराईंत शिरून कैऱ्या पाडणाऱ्या पोराला आम्ही कान धरून घरीं पाठवितों. येथें कान आमचाच होता. मुलानें आमच्याकडे पाहिलें, आणि तें पाहणें आम्हांस फार लागलें.

ज्यांना हा छंद लागावा असें वाटतें त्यांनीं काठीच्या दुकानापूर्वीं हें पाऊल टाकावें. तलावावर हक्क कोणाचा आहे हें गांवांत विचारावें, संस्थेच्या माणसांस भेटावें, परवानगी मागावी, आणि त्यांनीं 'आतां नको, दिवाळीनंतर या' असें म्हटलें तर निमूटपणें दिवाळीनंतर जावें. या बीजाची किंमत काय असते हें समजण्यासाठीं थोडा इतिहास ठाऊक असावा. रोहू, कटला हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यांत अंडीं घालतात, तलावाच्या सांचलेल्या पाण्यांत घालीत नाहींत. म्हणून पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतून गोळा करून आणावें लागे, आणि त्यांत नको त्या जातींची भेसळ येई. 10 जुलै 1957 रोजीं ओडिशांत हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मस्तकांतील ग्रंथींचा अर्क टोंचून या जातींकडून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालविण्यांत यश मिळविलें, आणि तेव्हांपासून लहान गांवच्या संस्थेलाहि बीज मिळूं लागलें. तो दिवस देशांत मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. एका ढिवर कुटुंबाचा वर्षाचा मेळ या बोटुकल्यांवर बसत असेल, तर आपल्या सुटीच्या करमणुकीनें त्यांत हात घालतांना विचार करणें हें आपलें काम आहे.

आम्हीं क्षमा मागितली. तो तरुण भला होता. त्यानें आम्हांस आपल्या आजोबांकडे नेलें. संस्थेच्या जुन्या सभासदांपैकीं ते एक. वय सत्तरीच्या पुढें, हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे वण, आणि बोलणें अगदीं थोडें. मुलाची इच्छा ऐकून ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "या लेकराले शिकवतो. पन तुडुमाच्या त्या अंगाले बसा, तिकडे बीज नाई. आन् जे लागन ते पान्यात परत." मातोश्रींचीच अट दुसऱ्या मुखानें आमच्यापुढें आली. आम्हीं पैसे पुढें केले. त्यांनीं हात मागें घेतला. शेवटीं संस्थेच्या वहींत कांहीं रक्कम देणगी म्हणून लिहून घेण्यास ते राजी झाले.

पुढचे तीन दिवस जें शिकलों, तें आतां जसें आठवतें तसें सांगतों. आम्हीं आणलेली झगझगीत काठी आजोबांनीं उचलून पाहिली आणि कुडाला टेकून ठेवून दिली. नवशिक्याला त्यांनीं घराच्या मागच्या बेटांतला एक बांबू तोडून दिला, माणसाच्या दोन उंचीएवढा, शेंड्याकडे निमुळता आणि लवचिक. अशा काठीला चाक नसतें, सुताचा गुंता होत नाहीं, आणि दोरी काठीच्या लांबीएवढीच असल्यामुळें मुलाचा गळ पाठीमागच्या झाडांत किंवा काकांच्या टोपींत अडकण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. दोरी म्हणजे नायलॉनचा बारीक तंगूस. त्याच्या टोंकाला लहान गळ, वीतभर वर मटाराच्या दाण्याहून लहान शिशाची गोळी, आणि त्याच्याहि वर तरंगणारा एक हलका तुकडा. हा तुकडा आमच्या शहरांतल्या दुकानांत लाल-पांढऱ्या रंगाचा मिळतो. आजोबांनीं पाण्यांत उगवणाऱ्या भेंडाचा कापून दिला. तो इतका हलका असावा कीं माशानें श्वास टाकला तरी हलावा.

गांठीच्या बाबतींत मात्र ते कडक होते. तंगूस गुळगुळीत असतो. साधी गांठ त्यावर टिकत नाहीं, नेमका मोठा मासा लागला कीं सुटते. त्यांची रीत अशी: टोंक गळाच्या भोंकांतून ओंवावें, मूळ दोरीभोंवतीं पांच-सहा वेळां पिळावें, तेंच टोंक भोंकाजवळच्या पहिल्या फांसांतून परत काढावें, थुंकीनें ओलें करावें आणि मग हळूहळू ओढून आवळावें. कोरडी आवळली तर घर्षणानें तापून तंगूस तेथेंच कमजोर होतो. आमच्या चिरंजीवांनीं पहिल्या दिवशीं ही गांठ चाळीस वेळां तरी घातली असेल. शाळेंत शुद्धलेखनाचें एक पान लिहितांना जो मुलगा तीन वेळां पाणी प्यायला उठतो, तो दोन तास मांडी न हलवितां बसला होता. शिक्षणशास्त्रज्ञांनीं याचा विचार करावा.

गळाला मागच्या बाजूस एक बारीक उलटा कांटा असतो. आजोबांनीं तो पकडीनें दाबून बसविला. असें केल्यानें मासा निसटण्याचा संभव वाढतो हें खरें, परंतु सोडतांना त्याचें तोंड फाटत नाहीं. आणि गळ मुलाच्याच बोटांत घुसला तर तोहि सहज निघतो. उलट्या कांट्याचा गळ बोटांत खोल गेला असतां ओढून काढूं नये. डॉक्टरकडे जावें आणि धनुर्वाताची सुई टोंचून घ्यावी. घरांतल्या मातांना हें वाक्य वाचून छंदाविषयीं जो राग येईल, तो त्यांनीं आमच्यावर काढावा. पण कांटा मात्र मुलाच्या हातीं गळ देण्यापूर्वीं दाबून घ्यावा.

आमिषाचा प्रश्न आमच्या घराच्या दृष्टीनें नाजूक होता. गांडूळ हें सर्वांत सोपें आमिष. ओल्या मातींत, गोठ्याच्या मागें, पाहिजे तितकीं मिळतात. पण मुलानें पहिलें गांडूळ हातांत घेतलें आणि त्याचा चेहरा उतरला. आजोबांनीं तें ओळखलें. त्यांनीं कणीक घट्ट मळविली, तींत कापसाचे थोडे तंतू मिसळले म्हणजे ती पाण्यांत लवकर विरत नाहीं, आणि हरभऱ्याएवढी गोळी गळाला लावली. रोहू-मृगळांसारखे शाकाहारी वृत्तीचे मासे कणकेला येतात. (मातोश्रींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्यांतलेच कीं!") मरळ, मागूर यांसारखे मांसाहारी मासे कणकेकडे सहसा ढुंकून पाहत नाहींत. शिवाय कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाशीं चिखल हुंगतो. म्हणून भेंडाचा तुकडा दोरीवर खालींवर सरकवून आमिष कोणत्या खोलीवर ठेवावयाचें हें आधीं ठरवावें लागतें. आम्ही पहिले तीन तास मृगळाचें आमिष कटल्याला वाढीत होतों, असें नंतर कळलें.

वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वींची, किंवा सांजेची. जागा शक्यतों तेथें, जेथें पाण्यांतील वनस्पतींची कड संपून मोकळें पाणी लागतें. मासा आडोशाला उभा राहतो आणि खाण्यासाठीं कडेवर येतो. सावली पाण्यावर पडूं देऊं नये. बोलण्यानें फारसें बिघडत नाहीं, पण पाळीवर पाय आपटले तर तो धक्का जमिनींतून पाण्यांत उतरतो आणि मासे पांगतात. हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आमचे बंधु दुसऱ्या दिवशीं पायांत बूट घालून पाळीवरून फेऱ्या मारूं लागले, तेव्हां आजोबांनीं त्यांना अत्यंत आदरानें चहा पिण्यास घरीं पाठविलें.

आणि मग नुसतें बसणें. भेंडाचा तुकडा थरथरला तर ती चिल्लीपिल्ली टोंचून पाहत असतात. तेव्हां काठी उचलूं नये. तो एका बाजूस सरळ, संथ सरकूं लागला, किंवा एकदम बुडाला, कीं मासा घेऊन चालला असें समजावें आणि मनगटानें, खांद्यानें नव्हे, काठी उचलावी. चिरंजीवांनीं पहिल्या दिवशीं थरथरीलाच अकरा वेळां काठी उचलली. अकरा वेळां कणीक गेली. आजोबा प्रत्येक वेळीं एवढेंच म्हणत, "बापू, पान्याले घाई नाई चालत." दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याला पहिला मासा लागला, हाताच्या पंजाएवढा, चांदीसारखा. त्याचें नांव आजोबांनीं सांगितलें तें आमच्या कानाला नीट उमगलें नाहीं. मुलगा ओरडला नाहीं, नाचला नाहीं. शिकविल्याप्रमाणें त्यानें आधीं हात पाण्यांत भिजविले, कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि मग त्याला रोग जडतो. मासा पाण्याबाहेर न काढतां गळ सोडविला, आणि त्याला दोन्ही हातांत, तोंड पुढें करून, स्वस्थ धरून ठेवला. त्यानें आपण होऊन शेपटी मारली तेव्हां सोडला. मग तो आपल्या ओल्या तळहातांकडे बराच वेळ पाहत होता.

खाण्यासाठीं धरणाऱ्यांकरितां आजोबांनीं सांगितलेली गोष्ट येथें लिहिणें आम्हांस योग्य वाटतें, कारण आमचे सर्व वाचक आमच्या मातोश्रींच्या अटीखालीं नाहींत. मासा ठेवावयाचा असेल तर त्याला टोपलींत तडफडत ठेवूं नये, डोक्यावर एक घाव घालून तात्काळ मारावा. रोहूसारखा मासा बाहेर काढल्यावर लवकर मरतो. पण मरळ आणि मागूर यांना हवेंतून श्वास घेतां येतो, ते ओल्या पोत्यांत तासन् तास जिवंत राहतात, आणि त्यांचे हाल तितकेच लांबतात. आजोबांचें आयुष्य मासे मारण्यांत गेलें. तरी हें सांगतांना त्यांचा स्वर जसा झाला तसा आमचा मानसोल्लास वाचून दाखवितांना झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं, हरतालिकेच्या सकाळीं, घरांतल्या बायकांचा उपास आणि आमचा शेवटचा दिवस. आकाश भरून आलें होतें. विजेची चिन्हें दिसूं लागलीं कीं काठी खालीं ठेवून पाळीवरून उतरावें, उघड्या पाण्याजवळ किंवा एकट्या झाडाखालीं थांबूं नये, असा या भागाचा नियम आहे. पावसाळ्यांत वीज पडून माणसें जातात तीं अशाच जागीं. आम्ही काठ्या गुंडाळण्याच्या विचारांत होतों. मुलगा मात्र शिंगाड्याच्या वेलींजवळच्या एका कोपऱ्याकडे पाहत होता. तेथें पाण्यावर तांबूस-नारिंगी रंगाचा एक डाग हलत होता, थाळीएवढा. मधूनमधून त्याला बारीक बारीक बुडबुडे फुटत. त्यानें आम्हांस न विचारतां गांडूळ लावलें, जें दोन दिवस त्याला लावतां आलें नव्हतें तेंच, आणि गळ त्या डागाच्या कडेला टाकला.

पाणी फुटलें. काठी अर्धगोल वांकली. मुलाचे पाय घसरले, आणि आम्हीं त्याची कंबर धरली नसती तर तो तुडुमापाशींच्या खोल पाण्यांत गेला असता. (ज्याला पोहतां येत नाहीं त्यानें पाळीच्या उतारावर उभें राहूं नये, आणि लहान मुलासोबत पोहणारा मोठा मनुष्य असावाच, हें आम्हीं लेखाच्या आरंभींच सांगावयास हवें होतें.) आजोबा आले. मासा कांठाशीं आला तो हातभर लांब, काळपट, सापासारख्या डोक्याचा, मरळ. इतका मोठा मासा पाहून आम्हांस जो हर्ष झाला तो लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. आजोबांनीं मात्र त्याकडे पाहिलेंच नाहीं. ते त्या नारिंगी डागाकडे पाहत होते. तो फुटून पांगला होता.

"पोरं राखून होती ते," ते म्हणाले.

मरळीचीं पिलें पहिले कांहीं आठवडे असा थवा करून राहतात. तीं श्वास घेण्यास वारंवार वर येतात, तेच ते बुडबुडे. आईबापांपैकीं एक किंवा दोघेंहि खालीं पहारा करतात, आणि थव्याजवळ जें येईल त्यावर, मग तें बेडूक असो, साप असो वा गांडूळ लावलेला गळ असो, तुटून पडतात. भूक म्हणून नव्हे. राखणारा गेला कीं इतर मासे त्या पिलांचा थोड्याच वेळांत फन्ना उडवितात. म्हणून जाणता ढिवर थव्यावर गळ टाकीत नाहीं. आमच्या पुतण्याला हें कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि आजोबांना तो असें करील असें वाटलें नव्हतें.

मुलाच्या हातून गळ निघेना; हात कांपत होते. आजोबांनीं तो काढला. उलटा कांटा दाबलेला होता म्हणून लगेच निघाला. त्यांनीं मरळ त्याच कोपऱ्यांत, वेलींच्या मुळाशीं, हळूच सोडली. ती क्षणभर तेथेंच उभी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. "परत येईल का ती त्यांच्याकडे?" मुलानें विचारलें. आजोबा म्हणाले, "येते बी, नाई बी येत. बसून पाह्य."

पाऊस सुरू झाला. दूर गायमुखाच्या डोंगरांकडे वीज चमकली, तेव्हां आम्हीं त्याला बळेंच पाळीवरून खालीं उतरविलें आणि संस्थेच्या पडवींत नेलें. तेथून तो कोपरा दिसतो. तासाभरानें सर ओसरली. घरीं बायका वाळूच्या महादेवाची पूजा मांडून वाट पाहत असतील, हें आम्हीं त्याला दोनदां सांगितलें. तो उठेना. पाण्यावर आधीं कांहींच दिसेना. मग वेलींपासून बऱ्याच अंतरावर, पहिल्यापेक्षां लहान, एक नारिंगी डाग दिसला; बशीएवढा असेल. त्याखालीं कोणी होतें कीं नव्हतें, हें गढूळलेल्या पाण्यांत आम्हां कोणालाच सांगतां आलें नाहीं.

रात्रीं मातोश्रींनीं त्याला विचारलें, काय काय धरलेंस. त्यानें सगळें सांगितलें, मरळीसकट. त्यांनीं त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, "दिवाळीला त्या आजोबांकडे पुन्हा जायचें आहे ना? मग त्यांच्यासाठीं अनारसे करून ठेवीन म्हणतें." बांबूची काठी सध्यां आमच्या ओसरीच्या आढ्याला बांधलेली आहे. चिरंजीवांनीं तिच्यावरचा तंगूस सोडून, धुऊन, पुन्हा गुंडाळून ठेवला आहे, आणि गांठ सुटूं नये म्हणून ती ते दर आठवड्याला नव्यानें घालतात.